दुधात औषध उतरलंय का? संकलन केंद्रावर नव्याने बसणाऱ्यांसाठी

फॅट, डिग्री आणि पाणी पकडायला नवा माणूस आठ-पंधरा दिवसांत शिकतो. अँटिबायोटिकचं तसं नाही. त्याने दुधाचा रंग बदलत नाही, वास येत नाही, फॅट हलत नाही, लॅक्टोमीटरही काही बोलत नाही. उलट असं दूध कधीकधी फार चांगलं असल्याचं सोंग करतं. मिथिलीन ब्लू चाचणीत निळा रंग घालवण्याचं काम जंतू करतात आणि औषधाने तेच दबलेले असतात. मे महिन्यात भुसावळकडे पारा ४४-४५ वर असताना, बर्फाशिवाय दोन-तीन तास फिरून आलेल्या कॅनचा निळा रंग पाच तास टिकला, तर त्या दुधाचं कौतुक करू नका. त्यात औषध तरी आहे, नाहीतर कुणीतरी टिकवायला काहीतरी टाकलंय.

पुढचं सगळं गावातलं संकलन केंद्र आणि ५०० ते २००० लिटरचा बीएमसी, म्हणजे गावचं दूध थंड ठेवणारी मोठी टाकी, सांभाळणाऱ्यांसाठी आहे.

किती थोडं म्हणजे जास्त

मोजमाप पीपीबीमध्ये होतं, म्हणजे एक किलो दुधात किती मायक्रोग्रॅम औषध. कोडेक्स या अन्नाच्या आंतरराष्ट्रीय मानकांच्या यादीत पेनिसिलिन आणि अमॉक्सिसिलिनची दुधातली मर्यादा ४ आहे, टेट्रासायक्लिन गटाची १००, सेफ्टिओफरची १०० आणि जेंटामायसिनची २००. पेनिसिलिनचा ४ हा आकडा किती लहान आहे ते असं बघा: १० लाख युनिटच्या एका बाटलीत साधारण ०.६ ग्रॅम पेनिसिलिन असतं. ते सगळं दुधात मिसळलं, तर दीड लाख लिटर दूध मर्यादेवर येऊन बसेल. बाटलीतलं सगळंच औषध दुधात उतरत नाही हे खरं, पण सडात ट्यूब सोडलेल्या गायीच्या पहिल्या धारांत शेकड्यांनी पीपीबी सहज असू शकतात. समजा एका गायीचं ५ लिटर दूध ४०० पीपीबीचं आहे आणि ते टाकीत गेलं. टाकी भरून ५०० लिटर झाली तरी सगळी टाकी ४ वर आली. ‘माझं पाच लिटर तेवढ्यात काय होतं’ असं म्हणणाऱ्या सभासदाला हा हिशेब कागदावर मांडून दाखवा.

उकळून औषध जात नाही. पेनिसिलिन थोडंफार कमी होतं, सल्फा आणि एन्रोफ्लॉक्सासिन जवळपास तसंच राहतं.

औषध कुठून येतं

सगळ्यांना ट्यूब तेवढी माहीत असते, कारण दगडी (कासेची सूज) झाली की सडात ट्यूब सोडतात. नव्या माणसाच्या नजरेतून निसटतात त्या बाकीच्या वाटा. मानेत किंवा शिरेत दिलेलं इंजेक्शन रक्तातून कासेत येतं. वार अडकली म्हणून गर्भाशयात ठेवलेल्या गोळ्या किंवा सोडलेलं औषध दुधात उतरतं, आणि ते तर कुणी ‘औषध दिलं’ म्हणून मोजतही नाही. एका सडात ट्यूब सोडली तरी औषध रक्तात शिरून बाकीच्या तीन सडांतही थोडं येतं. म्हणून ‘आजारी सडाचं फेकलं, तीन सडांचं घातलं’ हे चालत नाही. चारही सडांचं दूध बाजूला काढायचं.

भाकड काळाची ट्यूब हा वेगळा धोका आहे. गाय आटवताना सोडायची ही ट्यूब कासेत कित्येक आठवडे टिकावी अशीच बनवलेली असते. ती चुकून दुभत्या गायीला सोडली, किंवा गाय तारखेच्या आधीच व्याली, तर चीक संपल्यानंतरही दूध पॉझिटिव्ह येत राहतं. व्यायलेल्या गायीचं दूध पहिल्यांदा केंद्रावर आलं की आटवल्याची तारीख विचारा आणि त्या दुधाला स्ट्रिप, म्हणजे औषध पकडणारी चाचणीपट्टी, लावा.

साथीच्या दिवसांत हात मोकळा सुटतो. २०२२ ची लंपीची साथ राज्यात सुरू झाली ती ऑगस्टमध्ये, रावेर तालुक्यातल्या चिनावलहून. रोग विषाणूचा, त्यावर अँटिबायोटिकचा उपाय नाही. पण गाठी फुटून जखमा चिघळतात म्हणून ती दिली जातात. अशी साथ असली की रोज टाकीची चाचणी करा, एरवीचं वेळापत्रक बाजूला ठेवा.

पहिली चाचणी तोंडी

स्ट्रिपला पैसे पडतात, प्रश्नाला नाही. दूध ओतायच्या आधी विचारायचं, ओतल्यावर नाही. आणि कसं विचारता यावर उत्तर ठरतं. ‘तुमच्या जनावराला प्रतिजैविक दिलंय का?’ याला ‘नाही’ हेच उत्तर येईल, कारण तो शब्दच कानाला परका आहे. ‘आप्पा, गायले सुई दिन्ही का?’ असं विचारलं की खरं बाहेर येतं. त्यापाठोपाठ आणखी तीन प्रश्न: डॉक्टर आले होते का, ट्यूब सोडली का, व्यायल्यावर आत गोळ्या ठेवल्या का.

आणखी एक गोष्ट नियम म्हणून लिहून लावा. स्वतःहून सांगणाऱ्याचं दूध परत जाईल, पण त्याला दंड नाही. दंड फक्त लपवणाऱ्याला. सांगणाऱ्यालाही दंड लावला तर पुढच्या वेळी सांगणारं कुणी उरत नाही, आणि सगळा भार स्ट्रिपवर येतो.

वहीत प्रत्येक उपचाराची एक ओळ: सभासद क्रमांक, जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा १२ आकडी क्रमांक, औषधाचं नाव (रिकाम्या बाटलीचा किंवा खोक्याचा फोटो सर्वांत चांगला), शेवटच्या डोसचा दिवस आणि वेळ, दूध पुन्हा कधीपासून घेणार. जनावराच्या मागच्या पायाला लाल फीत बांधायला सांगा. पिळणारा माणूस रोज तोच असेल असं नसतं. घरधनी लग्नाला गेला आणि भाच्याने दूध काढलं, की फीत नसेल तर ते दूध केंद्रावर आलंच.

नमुना

टाकीचा नमुना ढवळणी किमान पाच मिनिटं चालवून घ्या; कॅनचा प्लंजरने वर-खाली दहा वेळा ढवळून. वरवरची साय आली तर स्ट्रिपवरून दूध नीट सरकत नाही. प्रत्येक सभासदाचं १५-२० मिली दूध क्रमांक टाकलेल्या बाटलीत घेऊन फ्रिजमध्ये ४ अंशांवर ठेवा, टाकीचा निकाल येईपर्यंत. फॅटसाठी ठेवलेल्या आणि टिकवण्याचं औषध घातलेल्या बाटल्या इथे चालत नाहीत; ते औषधच जंतू मारतं आणि जंतूंवर चालणारी ताटातली चाचणी (ती पुढे येते) खोटी पॉझिटिव्ह येते. आंबट किंवा फाटलेलं दूध कुठल्याच चाचणीला वापरू नका.

बाटली धुताना साबण किंवा सॅनिटायझर राहिला तरी तोच घोळ होतो. शेवटचं पाणी साधं, तेही दोनदा.

स्ट्रिप: केंद्रावरचं मुख्य हत्यार

बहुतेक किटमध्ये छोट्या कुप्या, बुडवायच्या पट्ट्या, एक पिपेट आणि ४० अंशांवर चालणारा छोटा इन्क्युबेटर असतो. कंपनीगणिक मिनिटं बदलतात, म्हणून खोक्यातला कागद आधी वाचा. साधारण क्रम असा:

१. किट फ्रिजमधून काढून १०-१५ मिनिटं बंदच राहू द्या. थंड पाकीट लगेच उघडलं तर पट्टीवर ओल धरते. पावसाळ्यात तर धरतेच.

२. इन्क्युबेटर ४० अंशांवर स्थिर झाल्याची खात्री करा. दिवा लागला म्हणजे तापमान आलं असं नाही. आठवड्यातून एकदा खाचेत थोडं पाणी आणि साधा थर्मामीटर घालून तपासा.

३. पिपेटने २०० मायक्रोलिटर दूध कुपीत सोडा आणि आतली गुलाबी पूड पूर्ण विरघळेपर्यंत ५-१० वेळा आत-बाहेर करा. टोकाशी बुडबुडा राहिला की दूध कमी जातं. दूध कमी गेलं की औषधही कमी जातं आणि पॉझिटिव्ह दूध पास होतं. नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक हीच. त्यामुळे सुरुवातीला दहा-बारा वेळा नुसत्या पाण्यावर हात बसवा. प्रत्येक नमुन्याला नवं टोक.

४. कुपी इन्क्युबेटरमध्ये ३ ते ५ मिनिटं.

५. पट्टी बुडवा आणि आणखी ३ ते ५ मिनिटं हलवू नका.

६. बाहेर काढून लगेच वाचा. नंतर वाळत जाताना रेषांचा रंग बदलतो. अर्ध्या तासाने ‘आता तर दिसतेय’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. वाचतानाच घड्याळासह फोटो काढा.

वाचन नव्यांना उलटं वाटतं. वरची कंट्रोल रेषा आलीच पाहिजे. ती नसेल तर पट्टी बाद, निकाल काहीच नाही. खालची चाचणीची रेषा कंट्रोलपेक्षा गडद असेल तर दूध निगेटिव्ह. फिकट असेल किंवा दिसतच नसेल तर पॉझिटिव्ह. म्हणजे रेषा न येणं ही वाईट बातमी. असं का, तर दुधात औषध नसेल तर पुडीतले रंगीत कण पट्टीवरच्या रेषेला जाऊन चिकटतात. औषध असेल तर ते आधीच कणांना धरून बसतं आणि रेषेसाठी काही उरत नाही. दोन्ही रेषा सारख्या वाटल्या तर कागदावर कंपनीने काय लिहिलंय ते पाहा. वादात पडायचं नसेल तर सरळ पॉझिटिव्ह धरून पुन्हा करा.

काही किट इन्क्युबेटरशिवाय ‘खोलीच्या तापमानाला’ चालतात. खान्देशातली उन्हाळी खोली हे ते तापमान नव्हे. मार्च ते जून त्यांच्यावर भिस्त ठेवू नका. किटचा साठा २ ते ८ अंशांत. जळगावहून मोटारसायकलच्या डिकीत दुपारी खोका आणला तर तो वाटेतच निकामी झाला असं समजा. बर्फाची पिशवी घातलेल्या थर्मासमध्ये आणा. रात्री लाइट गेली की फ्रिजमधलं तापमान किती चढतं ते एकदा किमान-कमाल थर्मामीटर ठेवून बघा. फ्रीझरमध्येही ठेवू नका.

किट नीट चालतंय का हे कळायला रोज पहिल्या नमुन्यासोबत एक शुद्ध आणि एक औषधाचं दूध लावा. शुद्ध म्हणजे दोन महिन्यांत कुठलंही औषध न झालेल्या, कास निरोगी असलेल्या, व्यायला दोन-तीन महिने झालेल्या गायीचं. ते १० मिलीच्या बाटल्यांत गोठवून ठेवता येतं. औषधाचं दूध किटसोबत मिळणाऱ्या प्रमाणित पुडीचंच घ्या. घरी बाटलीतून बनवायला जाऊ नका; वरचा दीड लाख लिटरचा हिशेब आठवा.

ताटातली जांभळी चाचणी

स्ट्रिप ठरावीक गटच पकडते. जंतूंवर चालणारी चाचणी जास्त रुंद जाळं टाकते. ताटातल्या लहान खळग्यांत अगारमध्ये (जंतू वाढवायच्या जेलीत) जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस हा उष्णताप्रिय जंतू आणि जांभळा रंग भरलेला असतो. ०.१ मिली दूध टाकून ६४ अंशांवर साधारण तीन तास ठेवायचं. जंतू वाढला की आम्ल होतं आणि रंग पिवळा होतो: दूध स्वच्छ. जांभळाच राहिला तर जंतूला कुणीतरी अडवलंय. तीन तास हे अंदाजाचे. खरी वेळ म्हणजे शुद्ध दुधाचा खळगा पिवळा होतो ती. त्याआधी काढलं तर सगळंच जांभळं, फार उशिरा काढलं तर थोडंसं औषध असलेलंही पिवळं होऊन जातं. मधेच वीज गेली तर तो ताट टाकून द्या, वेळ वाढवून जुळवू नका. ही चाचणी पेनिसिलिन गटाला फार तिखट आहे, पण एन्रोफ्लॉक्सासिनला जवळपास आंधळी.

तीन तास टँकर थांबत नाही, म्हणून ही चाचणी दारातली नाही. आठवड्यातून दोनदा सभासदांच्या साठवलेल्या नमुन्यांवर लावा.

दही लावून बघणं

किट संपलं असेल तर हा जुना उपाय. संशयाचं आणि शुद्ध दूध वेगवेगळं उकळून ४२ अंशांवर आणा, दोन्हीत एकाच भांड्यातलं ताजं विरजण २ टक्के घाला, म्हणजे १०० मिलीला २ मिली, आणि उबेत ठेवा. चार तासांनी शुद्ध दूध लागलं आणि दुसरं पातळ राहिलं तर त्यात अडवणारं काहीतरी आहे. सोबत शुद्ध दूध नसेल तर या चाचणीला अर्थ नाही, कारण मेलेल्या विरजणानेही दही लागत नाही. दही छान लागलं म्हणजे दूध निर्दोष असंही नाही.

खोटी पॉझिटिव्ह

भांडणं इथेच होतात. चिकात आणि दगडीच्या दुधात लायसोझाइम, लॅक्टोफेरिन अशी जंतू दाबणारी नैसर्गिक द्रव्यं भरपूर असतात, आणि ताटातली चाचणी त्यांनाही औषध समजते. उपाय सोपा: नमुना ८२ अंशांवर ५ मिनिटं गरम करून, थंड करून पुन्हा लावा. नैसर्गिक द्रव्यं मोडतात, पेनिसिलिन टिकतं. आता पिवळं झालं तर औषध नव्हतं, पण त्या गायीची कास तपासायला सांगा. तरी जांभळंच राहिलं तर पेनिसिलिनेज (पेनिसिलिन मोडणारं द्रव्य) घालून आणखी एक खळगा लावा. आता पिवळं झालं तर पेनिसिलिन किंवा त्याचा भाऊबंद नक्की. हायड्रोजन पेरॉक्साइड, फॉर्मेलिन आणि सोड्याची भेसळ हेही जांभळं ठेवतात. म्हणून पॉझिटिव्हवर कुणाला बोलण्याआधी भेसळीच्या नेहमीच्या चाचण्या उरकून घ्या.

टाकी पॉझिटिव्ह आली

टाकीचा झडप बंद, टँकरला फोन. त्याच नमुन्याच्या दोन नव्या पट्ट्या, सोबत शुद्ध आणि औषधाचं दूध. दोन्हींपैकी एक जरी पॉझिटिव्ह आली तर टाकी पॉझिटिव्ह.

मग मूळ शोधायचं. ४८ सभासद असतील तर ४८ पट्ट्या जाळू नका. आठ-आठ जणांचं सारखं दूध मिसळून सहा गट करा, सहा पट्ट्या लावा. जो गट पॉझिटिव्ह त्यातले आठ एकेकटे तपासा. चौदा पट्ट्यांत काम होतं. मिसळल्याने औषध पातळ होऊन निसटेल ही भीती इथे नको: ज्याच्या दुधाने पूर्ण टाकी बिघडली त्याचं दूध आठपट पातळ केलं तरी बोलतंच. रोजच्या तपासणीत मात्र अशी मिसळ करू नका.

पॉझिटिव्ह दूध शुद्ध दुधात मिसळून पास करून घेणं हा मार्ग नाही. वासरालाही पाजू नका, त्याच्या पोटात औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात. गोबर गॅसमध्ये ओतलं तर गॅस देणारे जंतूच मंदावतात. विहिरीपासून आणि नाल्यापासून लांब खड्ड्यात जिरवा.

दिवस मोजणं

लेबलवर ‘दूध वापरू नये’ असा काळ तासांत किंवा दिवसांत छापलेला असतो. मोजायला सुरुवात शेवटच्या डोसपासून, पहिल्या नाही. ७२ तासांचं औषध शेवटचं सोमवारी सकाळी ७ ला दिलं तर गुरुवारी सकाळी ७ पर्यंत. म्हणजे गुरुवारी पहाटे ६ ला पिळलेलंही बादच; संध्याकाळचं घ्या. लेबलवर काळच नसेल तर औषध नियमांत जानेवारी २०१२ च्या दुरुस्तीने दुधासाठी किमान ७ दिवस ठरवले आहेत, म्हणजे १४ वेळचं दूध.

लेबलचा काळ लेबलच्या डोसपुरताच खरा. डोस दुप्पट दिला, दोन औषधं एकत्र केली, किंवा ट्यूब आणि इंजेक्शन दोन्ही झालं, की तो आकडा सोडा आणि डॉक्टरांकडून नवी तारीख लिहून घ्या. सुजलेली कास किंवा दूध तुटलेलं जनावर औषध उशिरा सोडतं. मुदत संपल्यावरचं पहिलं दूध स्ट्रिपवर लावूनच घ्या. एक पट्टी जाते, टाकी वाचते.

पट्टीला न दिसणारं

खोक्यावर दोनच गट लिहिले असतील, बीटा-लॅक्टम (पेनिसिलिन आणि त्याचे भाऊबंद) आणि टेट्रासायक्लिन, तर निगेटिव्हचा अर्थ तेवढाच. एन्रोफ्लॉक्सासिन आपल्याकडे भरपूर वापरलं जातं. त्याच्या क्विनोलोन गटाची पट्टी वेगळी मिळते, महिन्यातून काही नमुने तिच्यावर लावा. गोचिडांसाठी दिलेलं आयव्हरमेक्टिन चरबीत मुरतं आणि दुधातून बरेच दिवस येत राहतं. ते, फवारणीची औषधं आणि वेदनाशामकं यांपैकी काहीच या पट्ट्या पकडत नाहीत. पान्ह्याच्या इंजेक्शनचंही तसंच. सरकी पेंडीला बुरशी आली की दुधात येणारं अफ्लाटॉक्सिन एम१ हे तर औषधच नाही. त्याची मर्यादा ०.५ पीपीबी आणि पट्टी तिसरीच. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या २०१८ च्या देशव्यापी दूध पाहणीत ६,४३२ नमुन्यांपैकी ७७ मध्ये अँटिबायोटिक मर्यादेबाहेर निघालं, तर अफ्लाटॉक्सिन ३६८ मध्ये. सरकीच्या मुलखात बसून दुसरा आकडा विसरू नये.

नेमकं कुठलं औषध आणि किती, हे प्रयोगशाळेतलं एलसी-एमएस यंत्रच सांगतं. त्यासाठी नमुना एनएबीएल मान्यतेच्या प्रयोगशाळेत किंवा आणंदला एनडीडीबीच्या (राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या) ‘काफ’ प्रयोगशाळेत पाठवता येतो. एकाच वेळी दोन सारख्या बाटल्या भरा, सभासदासमोर सील करा, दोघांच्या सह्या घ्या. एक गोठवून बर्फात पाठवा, दुसरी केंद्राच्या फ्रीझरमध्ये ठेवा. बाटली काठोकाठ भरू नका. दूध गोठताना फुगतं आणि झाकण उडतं.